मुलांना त्या दिवशी घरी ठेवायला सांगू नका

श्रीनगर, ठाणे इथून एका पाळणाघर चालवणाऱ्या ताईंचं पत्र आलंय. मूळ पत्र लांबलचक आहे. त्यांच्याच शब्दांत, पण आखडून देते.

“राहत्या घरातच पाळणाघर चालवते, सात वर्षं झाली. तळमजला, वन बीएचके, हॉल दहा बाय चौदाचा. अकरा मुलं आहेत. सात तीन वर्षांच्या आतली, चार नर्सरी-केजीला जाणारी. हाताखाली एक बाई आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीला कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी चालत जाण्याच्या अंतरावर पाळणाघर हवंय, कुणीतरी माझं नाव सुचवलं. पंधरा दिवसांनी त्यांची माणसं तपासणीला येणार आहेत. एचआरच्या मॅडम, सेफ्टी ऑफिसर आणि बाहेरून नेमलेल्या एक तपासनीस बाई. मेलवर इंग्रजीत भलीमोठी यादी आली आहे. माझी नणंद इंग्लंडला लेस्टरमध्ये हेच काम करते. तिकडची सरकारी तपासणी कशी असते ते तिने सांगितलं आणि माझी झोपच उडाली. मी ठरवलंय, त्या दिवशी चार मुलांना घरी ठेवायला सांगायचं, म्हणजे गर्दी दिसणार नाही. जाऊबाईंना दुसरी मदतनीस म्हणून उभं करायचं. मिस्टर रिटायर्ड आहेत, घरीच असतात, त्यांना दिवसभर बाहेर पाठवायचं. घराला रंग काढायला घेतलाय. एरवी सगळं व्यवस्थित असतं. दुपारी बाई गेटवर स्कूलबस घ्यायला जाते तो अर्धा तास सोडला तर मी मुलांबरोबर एकटी कधीच नसते. आणखी काय तयारी करू?”

ताई,

आधी रंगाऱ्याला थांबवा. जी भिंत अर्धी झाली असेल ती रविवारी पुरी करून घ्या, बाकीची राहू द्या. तुम्हाला आलेल्या यादीत एक ओळ बहुधा असेलच: मुलं घरात असताना प्लंबर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असा कुणीही बाहेरचा माणूस आत येता कामा नये. रंगारी त्यातच आला. शिवाय रांगत्या पोरांच्या घरात ओला रंग कशाला?

मी एकात्मिक बालविकास योजनेत मुख्यसेविका होते. नोकरीची बहुतेक वर्षं अंगणवाड्या तपासण्यात गेली, त्यामुळे दाराशी येऊन उभ्या राहणाऱ्या बाईच्या डोक्यात काय चालतं ते मला ठाऊक आहे. भिंतीवर चकचकीत मुळाक्षरांचा तक्ता दिसला की माझी नजर त्याच्या खालच्या कोपऱ्याकडे जायची. पोरांचे हात लागून तो कोपरा मळलेला, चुरगळलेला नसेल तर तक्ता काल रात्री लागलेला आहे. घर किती सजलंय हे बघायला कुणी येत नाही. रोजचा दिवस कसा जातो तो बघायचा असतो, आणि तो एका रात्रीत रंगवता येत नाही.

आता तुमचे तीन बेत. चार मुलांना घरी ठेवायचं, जावेला उभं करायचं, मिस्टरांना बाहेर धाडायचं. यातलं एकही करू नका. खरं-खोटं, पाप-पुण्य बाजूला ठेवते, सरळ हिशेब सांगते.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही आहे. म्हणून ती कंपनी तुमच्या दाराशी आली आहे, हे लक्षात असू द्या. गरज त्यांनाही आहे. त्या पाळणाघरांसाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये किमान निकष काढले. कामाच्या जागी किंवा तिथून ५०० मीटरच्या आत, पक्कं बांधकाम, आठ ते दहा तास उघडं, मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक कार्यकर्ती, तीन वर्षांवरच्या वीस मुलांमागे एक, शिवाय मदतनीस. तुमची ती इंग्रजी यादी याच निकषांवर बेतलेली असणार.

तुमची सात आणि चार मुलं. कार्यकर्ती तुम्ही, मदतनीस तुमची बाई. म्हणजे अकराच्या अकरा समोर बसवलीत तरी माणसांच्या हिशेबात तुम्ही बसता. जी गोष्ट लपवायची म्हणून तुमचा जीव वरखाली होतोय, ती लपवण्यासारखी नाहीच.

उलट लपवलीत तर काय होईल ते बघा. त्या दिवशी सातच मुलं दिसली की त्यांच्या कागदावर लिहिलं जाणार, ‘सध्या ७, वाव आहे’. महिन्याभरात कंपनीची सहा-सात मुलं येतील, घरी ठेवलेली चार परत येतील, आणि तुमच्या हॉलमध्ये सतरा-अठरा पोरं होतील. तेव्हा कुणाला नाही म्हणणार? जुन्या पालकांना, ज्यांनी सात वर्षं तुमचं घर चालवलं? तपासणीत पास होऊन तुम्ही स्वतःच्याच सापळ्यात अडकाल.

जागेचंही मोजून घ्या. दहा बाय चौदा म्हणजे १४० चौरस फूट, पण ते भिंतीपासून भिंतीपर्यंत. सोफा, टीव्हीचं कपाट, चपलांचं स्टँड यांनी पंचवीस-तीस फूट खाल्ले असतील. राहिले एकशेदहाच्या आसपास, म्हणजे दहाच्या हिशेबाने अकरा मुलांपुरतेच. कंपनीची मुलं घ्यायची तर बेडरूम मोकळी करावी लागेल. डबल बेड काढून तिथे जमिनीवर गाद्या घालता आल्या तर आणखी काही जणांची सोय होईल. रंगाला लागणारे पैसे त्यावर घाला. पण निकषांप्रमाणे तीन वर्षांखालची फार तर तीनच नवी घेता येतील, कारण सातात तीन मिळवले की दहा झाले. अकरावं बाळ घेतलंत की आणखी एक कार्यकर्ती हवी. आणि माझं विचाराल तर ही दहाची मर्यादासुद्धा फार सैल आहे. दहा लंगोटवाली मुलं एका बाईने सांभाळायची, हे लिहिणाऱ्याने कधी एका वेळी तीन तरी सांभाळली होती का, असं मला नेहमी वाटतं. तुम्ही दोघी मिळून सात सांभाळताय, आणखी दोन घ्या आणि तिथेच थांबा. किती मुलं घेणार हा आकडा कंपनीने विचारायच्या आधी तुमच्याकडे तयार हवा.

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. दुपारचा तो अर्धा तास. बाई गेटवर, घरात सात लहान मुलं आणि तुम्ही एकट्या. त्या वेळी बहुतेक तुमचा कुकर गॅसवर असतो, कारण बसवाली पोरं येऊन लगेच ‘काकू, भूक’ म्हणणार. त्यात एकाने शी केली, दुसरं सोफ्यावरून पडलं, दारावर कुरिअरवाला आला, की सहा जणांकडे कुणाचंच लक्ष नाही. मी तपासायला आले असते तर मुद्दाम बाराच्या सुमारास आले असते. सकाळी दहा वाजता सगळीच पाळणाघरं छान दिसतात.

हा अर्धा तास आजच बदला, तपासणीची वाट बघू नका. स्वयंपाक बारापर्यंत आटपून गॅस बंद, आणि सगळी जेवायला बसेपर्यंत तो पुन्हा लागणार नाही. बसवर जायचं काम मिस्टरांना द्या. चारही मुलांच्या पालकांकडून ‘आमच्या मुलाला बसमधून हे उतरवून घेतील’ असं लिहून घ्या, खाली सही, तारीख. बसच्या बाईलाही त्यांची ओळख करून द्या. मग बाई घरातून हलणार नाही.

यावरूनच मिस्टरांचं सांगते, राग मानू नका. घरगुती पाळणाघराच्या तपासणीत पहिला प्रश्न असतो तो घरात आणखी कोण कोण राहतं हा. त्यांना त्या दिवशी बाहेर पाठवलंत आणि खुंटीवर पुरुषाचा शर्ट, टीव्हीवर बीपीच्या गोळ्या, शेजाऱ्यांच्या तोंडून ‘काका कुठे गेले आज?’ असं काही निघालं, तर एका सज्जन माणसाभोवती तुम्ही विनाकारण संशय उभा कराल. सरळ सांगा, मिस्टर आहेत, घरीच असतात, त्यांचीही पोलीस पडताळणी केली आहे. बाईची आणि तुमची करालच, त्यांचीही त्याच अर्जाबरोबर करा. आणि घराचा नियम म्हणून सांगा की लंगोट बदलणं, आंघोळ, शी-शू ही कामं फक्त तुम्ही दोघी करता, आणि दार लावून कुणीही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर खोलीत बसत नाही. हा नियम मिस्टरांविरुद्ध नाही. बाईलाही तोच, तुमच्या भाच्यालाही तोच. पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचा संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. हे त्या तपासनीस बाई विचारतीलच. उत्तर पाठ करू नका, समजून घ्या. अशा वेळी आधी पालकांशी, मग सोसायटीच्या सेक्रेटरींशी, मग नवऱ्याशी चर्चा करत बसायचं नसतं. पोलिसांचा ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही नंबर फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, १०८ आणि अग्निशमनाचा १०१ त्याखाली.

जाऊबाई दुसऱ्या प्रश्नाला पकडल्या जातील. तपासनीस मालकिणीला कमी आणि मदतनिसाला जास्त विचारते, हा आमच्या धंद्यातला जुना शिरस्ता. ‘यातल्या कुणाला काय चालत नाही खायला?’ एवढंच विचारलं की संपलं. पण जाऊबाईंचा खरा उपयोग आहे. बाई आजारी पडली, गावी गेली, गणपतीत चार दिवस आली नाही तर कोण, हे विचारलं जाणारच. त्यांना खरोखरची बदली बाई म्हणून नेमा. या पंधरा दिवसांत रोज थोडा वेळ येऊ द्या, मुलांना त्यांची सवय होऊ द्या, त्यांचीही पडताळणी करा, यादीत नाव घाला. मग त्या दिवशी त्या घरी नसल्या तरी चालेल.

नणंदेच्या गोष्टींनी झोप उडाली म्हणता. तिकडचे नियम कडक आहेत, पण ते तिकडचे आहेत. इंग्लंडमध्ये घरी पाच वर्षांखालची मुलं सांभाळून पैसे घ्यायचे तर ऑफस्टेड या सरकारी खात्याकडे किंवा मान्यताप्राप्त चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी करावीच लागते. एकट्या बाईने आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं घ्यायची, त्यांत पाच वर्षांखालची तीन, आणि त्या तिघांत एक वर्षाच्या आतलं सहसा एकच. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवं करायचं. ती नोंदणी आणि ते आकडे तुमच्याकडे कुणी मागणार नाही. पण एक गोष्ट नणंदेला विचारून बघा. तिकडची तपासनीस साधारणपणे येण्याआधी फोन करून कोणत्या दिवशी मुलं असतात ते विचारून घेते. तिला मुलं असतानाच यायचं असतं. आल्यावर ती फायलींपेक्षा जास्त वेळ मुलं आणि सांभाळणारी बाई यांच्याकडे बघत बसते, आणि विचारते की या मुलाला आता काय काय येतं, पुढे काय शिकवताय. तुम्हीही त्या सात लहानग्यांबद्दल आणि चार बडबड्यांबद्दल हे सांगू शकता, फक्त आजवर कुणी विचारलं नाही. आज रात्री अकराही मुलांबद्दल मनाशी दोन-दोन वाक्यं म्हणून बघा. जिच्याबद्दल काही सुचणार नाही ती मुलगी बहुतेक सगळ्यात शांत असेल. उद्यापासून तिच्याकडे जास्त लक्ष द्या.

आता घर. तुमच्या हॉलपेक्षा मला बाथरूमची जास्त काळजी आहे. आपल्याकडे पाणी बंद असायचा दिवस आला की आदल्या रात्री पिंप, टब, बादल्या सगळं भरून ठेवायची सवय. दीड वर्षाचं मूल बादलीत वाकून पाणी बघतं, डोकं जड असल्यामुळे तोल जातो आणि त्याला परत वर येता येत नाही. आवाजसुद्धा होत नाही, बोटभर खोल पाणीही जीव घ्यायला पुरतं. त्यामुळे भरलेली बादली बाथरूममध्ये उघडी राहणारच नाही असं करा. पिंपाला घट्ट झाकण, बाथरूमच्या दाराला बाहेरून, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर कडी. झाकलेल्या पाण्यात डासही होत नाहीत, पावसाळ्यात तेही विचारतील.

फिनाइल आणि टॉयलेट क्लीनर कुठे आहे? सिंकखाली असेल तर वरच्या कपाटात, कुलपात. आणि फिनाइल कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून ठेवायची आपली जी बचत आहे ना, ती आजपासून बंद. मिस्टरांच्या गोळ्या टीव्हीवर, देव्हाऱ्यात काडेपेटी, दिवाणावर चहाचा कप, कपाटावरून लोंबणारी मिक्सरची वायर, हे सगळं बघायचं तर एकदा खरोखर जमिनीवर बसा, हात टेकून रांगा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून हॉल बघा. खाली पडलेली टिकली, फुग्याचा तुकडा, रिमोटचा सुटलेला सेल तिथूनच दिसतो. बटणासारखा चपटा सेल गिळला गेला तर तास-दोन तासांत अन्ननलिका जळायला लागते, त्यामुळे तो सेल असलेली खेळणी घरातूनच काढा.

खिडक्यांना ग्रिल आहे ना, ठाण्यात तळमजल्यावर असतंच. पण आग लागली आणि दार अडलं तर बाहेर कुठून पडणार? ग्रिलला उघडणारी झडप असेल तर तिच्या कुलपाची किल्ली नेमकी कुठे असते हे तुम्हाला आणि बाईला झोपेतही सांगता आलं पाहिजे. झडप नसेल तर वेल्डरला बोलावून करून घ्या, तेही रविवारी. सेफ्टी ऑफिसर अग्निशामक बघेल, त्यावरची तारीख बघेल आणि मग बाईला म्हणेल, चालवून दाखवा. पिन ओढायची, नळी आगीच्या मुळाशी धरायची, दांडी दाबायची आणि आडवी फिरवायची. एकदा तिच्या हातात देऊन दाखवा. सोसायटीकडूनही एक कागद मागून घ्या: इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं फॉर्म ‘बी’, जे परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. सेक्रेटरी टाळाटाळ करतील. ना-हरकत पत्राबरोबरच मागा, म्हणजे एकदाच जिना चढायला लागेल.

झोळीचं पत्रात लिहिलेलं नाही, पण असणारच. आपली झोळी म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राची झोप आहे, ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण झोळीत बाळाचं डोकं पुढे वळतं, हनुवटी छातीला टेकते, श्वासाला अडथळा येतो, आणि आतलं बाळ बाहेरून दिसतही नाही. तान्ह्या बाळाला सपाट, कडक गादीवर, पाठीवर, उशी आणि जाड पांघरूण न देता झोपवायचं, हे जगभरातले बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि तपासनीस तेच धरून चालेल. झोळीची सवय असलेलं बाळ पहिले दोन-तीन दिवस थयथयाट करेल. त्याच्या आईला आधी सांगून ठेवा.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, तुमचा वरणभात चांगलाच असणार. दाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नका, द्राक्ष उभं चिरून द्या. घास अडकला तर काय करायचं, हे तपासनीस बाहुली पुढे ठेवून विचारू शकते. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध तळव्याने पाच थपडा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर असे पाच दाब. वर्षाखालच्या बाळाला पोटावर दाब कधीच द्यायचा नाही. पालथं, डोकं खाली करून पाठीवर पाच थपडा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. वाचून हे येत नाही. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स आणि रेडक्रॉस यांचे प्रथमोपचाराचे वर्ग असतात, तुम्ही दोघी नाव घाला. तपासणीपर्यंत प्रमाणपत्र हातात नसेल तर नाव नोंदवल्याची पावती दाखवा. जेवण तुम्ही शिजवून देता आणि फीमध्ये त्याचे पैसे घेता, म्हणून एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा यंत्रणेकडे छोट्या व्यवसायाची नोंदणी करून घ्या, वर्षाला शंभर रुपये शुल्क आहे.

कागदपत्रांची भीती सगळ्यात जास्त आणि काम सगळ्यात कमी. शॉप अ‍ॅक्टखाली तुमच्यासारख्या एक-दोन माणसांच्या व्यवसायाला नोंदणी नव्हे, ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तिची पावती फाइलला लावा. पण त्या पावतीची चौकट करून भिंतीवर ‘सरकारमान्य पाळणाघर’ असं लिहू नका. ती मुलं सांभाळण्याची मान्यता नाही आणि तपासनिसाला ते चांगलं माहीत असतं. प्रत्येक मुलाचा एक अर्ज: आई-बाबांचे आणि तिसऱ्या जवळच्या माणसाचे नंबर, डॉक्टर, काय सोसत नाही, लसीकरण कार्डाची झेरॉक्स, आणि न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांचे फोटो. यादीत नसलेले आजोबा आले तर? आईला फोन, ती फोनवर हो म्हणेपर्यंत आजोबा दाराबाहेर, मग ते कितीही चिडोत. औषध फक्त पालकांनी लिहून दिलेलं, मात्रा आणि वेळेसकट. तुमच्या अनुभवाने ताप ओळखून दिलेलं नाही. पडझडीची एक वही ठेवा. खरचटलं, चावलं, टेंगूळ आलं, की वेळ लिहायची आणि संध्याकाळी आईची सही.

ही वही आजपासून सुरू करा आणि आजचीच तारीख घाला. मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी बसून लिहू नका. एकाच पेनाने, एकाच हाताच्या दाबाने, एकही खाडाखोड नसलेली सहा महिन्यांची वही मी पहिल्या पानावर ओळखायचे. त्यानंतर त्या बाईचं खरं सांगितलेलंही मला खरं वाटेनासं व्हायचं. ‘वही या महिन्यापासून ठेवतेय’ म्हणालात तर त्या फार तर एक शेरा मारतील.

कॅमेऱ्याचं विचारलं जाणारच. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाल्याचं सीसीटीव्हीत दिसलं, तो धसका अजून आहे. हॉलमध्ये आणि दाराशी लावा, कपडे बदलायच्या जागी नको. रेकॉर्डिंग कुणी बघायचं, किती दिवस ठेवायचं ते लिहून ठेवा. आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्या मुलांचे एकत्र फोटो टाकत असाल तर थांबवा. ज्याचं मूल, त्याच्याच नंबरवर, तेही त्यांनी लेखी होकार दिला असेल तर.

तपासणीच्या दिवशी काही वेगळं करायचं नाही. मुलांना नवे कपडे, ‘मॅडमना नमस्ते म्हणा’ची घोकंपट्टी, काही नको. अनोळखी तीन माणसं आत आली की दोन तरी मुलं रडणार, रडू द्या, उचलून घ्या. तुम्ही पाहुण्यांचं चहापाणी बघायला गेलात आणि रडणारं मूल तसंच राहिलं तर तेच लिहिलं जाईल. चहा त्यांना विचारूसुद्धा नका. मूल मध्येच शी करेल, बोलणं तोडून जा, लंगोट बदला, हात साबणाने धुवा, मग परत येऊन पुढचं वाक्य बोला. यात बोललेल्या पन्नास वाक्यांपेक्षा जास्त कळतं.

दोन सवयी मात्र आत्तापासून सोडायला लागा, कारण त्या दिवशी त्या तोंडातून निघून जातात. ‘जेव नाहीतर बुवा येईल’, ‘पोलीसकाका घेऊन जातील’, हे एक. आणि घास भरवताना पुढे मोबाइल धरणं, हे दुसरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास, तोही कमी तितका बरा. एक मूल दुसऱ्याला चावलं तर काय करता, हे हमखास विचारतात. चावलेल्याला आधी जवळ घ्या, चावणाऱ्याला दोन शब्दांत नाही म्हणा आणि दुसरीकडे न्या. ‘मीपण त्याला हळूच चावून दाखवते’ असं म्हणणारी माझी एक सेविका होती, प्रेमळ होती, तिचं म्हणणं लिहून घेताना माझीच पंचाईत झाली.

शेवटी कंपनीकडून तुम्हाला काय हवंय तेही त्याच बैठकीत काढा. कायद्याने आईला दिवसातून चार वेळा, विश्रांतीची वेळ धरून, पाळणाघरात येण्याची मुभा आहे. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी बेडरूमच्या कोपऱ्यात खुर्ची आणि पडदा ठेवा, पण त्यांना सांगा की आयांच्या येण्याच्या वेळा ठरवून द्या. दर तासाला एक आई आली आणि गेली की उरलेली दहा मुलं दारात उभी राहून रडतात, आणि जुन्या पालकांच्या मुलांना तर आई येणारच नसते. किती जागा राखून ठेवायच्या, रिकाम्या जागेचे पैसे मिळणार का, फी कितव्या तारखेला, उशिरा न्यायला आलं तर तासाला किती, बदली बाईचा आणि विम्याचा खर्च कुणाचा, करार मोडायचा तर किती महिने आधी कळवायचं, हे सगळं मराठीत लिहून मागा. तुम्हाला इंग्रजी यादी पाठवणाऱ्यांना मराठी करार करता येतो. तपासणीत त्रुटी निघतील, चार-पाच तरी निघतातच. त्यांना तिथल्या तिथे होकार देऊ नका. ‘लेखी द्या, अमुक तारखेपर्यंत करून कळवते’ म्हणा. ग्रिलची झडप एका रविवारचं काम आहे, बेडरूम मोकळी करायला महिना लागेल, तशा वेगवेगळ्या तारखा मागा.